दारापुढचा डाग

आमच्या घरात लाकडी जमीन आहे असं मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही बडी मंडळी दिसतात. तसलं काही नाही. आमचे हे लोकांच्या घरी लाकडी जमिनी बसवतात, जुन्या झालेल्या घासून पॉलिश करून देतात, आणि दर कामातून उरलेल्या चार पट्ट्या बगलेत मारून घरी आणतात. अशा उरल्यासुरल्या पट्ट्या जोडून आमची जमीन झाली. बाहेरच्या खोलीत एक लाकूड, पॅसेजमध्ये दुसरं, लेकीच्या खोलीत तिसरंच. पण पॉलिश असं की वर दिवा लावला की खाली दुसरा दिसतो. ह्यांचं माझ्यावर किती प्रेम आहे ते मला माहीत आहे आणि त्या जमिनीवर किती आहे तेही माहीत आहे. मी तुलना करायला जात नाही.

अशा घरात आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. म्हणजे आणलं माझ्या भावाने, पण दार आम्हीच उघडलं.

कारण आमची लेक. घरात तिला माऊ म्हणतात. शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, आणि एक दिवस न कळवता सगळं सामान घेऊन परत आली. खोलीत गेली आणि आतून कडी घातली. तिकडे काय झालं ते तिने सांगितलं नाही. जेवायच्या वेळी बाहेर यायची ती ताट उचलून न्यायला. केस विंचरणं सोडलं, मैत्रिणींचे फोन घेणं सोडलं. कडी काढल्याचा आणि कडी घातल्याचा, एवढे दोनच आवाज तिच्याकडून यायचे. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असले तरी कान त्या कडीला लावलेले असायचे.

डॉक्टरीणबाईंकडे एकदा कशीबशी नेली. त्या आम्हाला म्हणाल्या, "तिला बाहेर बोलवत राहा. पण आली की काही विचारू नका, काही शिकवू नका. नुसती येऊ द्या." आमच्या ह्यांना कुठल्याही सूचनेचा पहिला अर्धा भाग तेवढा पाठ होतो. रोज कामावरून आले की दारावर टकटक. "माऊ, ये गं बाहेर. बस जरा आमच्यात." ती यायची बिचारी. खुर्चीला टेकते न टेकते तोच, "मग? पुढचं काय ठरवलंस? असं किती दिवस चालायचं?" ती उठून आत. कडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. मी डोळे वटारले, टेबलाखालून पाय दाबला, नंतर स्वयंपाकघरात नेऊन भांडलेसुद्धा. "मी काय वाईट बोललो?" हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. मी तरी कुठली शहाणी. दिवसभर बसडेपोत चौकशीच्या खिडकीत बसून लोकांचे प्रश्न ऐकते आणि घरी येऊन लेकीला प्रश्न विचारते, जेवलीस का, झोपलीस का, खिडकी का नाही उघडलीस.

माझा भाऊ माल पोचवायची गाडी चालवतो, त्यामुळे त्याला सगळीकडचं काही ना काही माहीत असतं. तो म्हणाला, "ताई, पोरीला सध्या माणसं नकोत. कुत्रं चालेल." आणि पुढच्या खेपेला पुठ्ठ्याच्या खोक्यातून हे पिल्लू घेऊनच आला. फिकट पिवळं, पोट सुटलेलं, पंजे अंगापेक्षा मोठे. खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर ते पॉलिशवरून घसरलं, पोटावर सरपटत गेलं आणि माऊच्या दारावर डोकं आपटून थांबलं. आतून कडी निघाली. माऊने खाली पाहिलं, पिल्लाने वर पाहिलं.

"ठोंब्या आहे नुसता," ती म्हणाली. कित्येक आठवड्यांत कुणी न विचारता ती बोलली ते हे पहिलं वाक्य. मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. पिल्लाचं नाव ठोंब्याच पडलं.

भावाने जाताना नियम सांगितले. "दाजी, नीट ऐका. झोपून उठला की खाली न्यायचा, खाल्लं की खाली, खेळला की खाली. खाली शू केली की त्याच क्षणी शाब्बास म्हणायचं, तोंडात बिस्किटाचा तुकडा द्यायचा. घरात केली तर गप्प पुसून टाकायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही, त्याला काही कळत नाही." ह्यांनी मान डोलावली. पुसून टाकायचं एवढं ह्यांच्या बरोबर लक्षात राहिलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले असं म्हणायचं ते माऊमुळे. बाकी घराची दाणादाण. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीची जमीन वाचावी म्हणून ह्यांनी दारात आडवी फळी लावली, म्हणजे ठोंब्याचं राज्य स्वयंपाकघर आणि पॅसेज. एवढ्या राज्यात त्याने काय काय केलं. काचपेपरचा गठ्ठा फाडला. गुडघ्याला बांधून हे जमिनीवर काम करतात त्या गाद्या, त्यातला कापूस उपसून घरभर केला. माझ्या एका चपलेचा अंगठा खाल्ला, आणि दुसरीचा खाल्ला नाही म्हणून ती मी अजून ठेवली आहे, कशासाठी ते विचारू नका. दात सुईसारखे. डेपोत माझे हात बघून शेजारच्या खिडकीतली विचारायची, "घरी सगळं ठीक ना गं?" संध्याकाळ झाली की त्याच्या अंगात यायचं. कान मागे, शेपूट खाली, स्वयंपाकघर ते पॅसेजचं टोक, टोकाशी घसरून भिंतीवर धडक, उठून परत. नखांचे ओरखडे पॉलिशवर उमटताना ह्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी ह्यांच्या पाठीवरच ते ओढतंय.

पण माऊ बाहेर येत होती. त्याला उचलून जिने उतरत होती, मागच्या अंगणात कचऱ्याच्या पिंपांशेजारी उभी राहून "कर ना रे, कर ना" म्हणत होती. एकदा मी खिडकीतून पाहिलं, ती खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलत होती, आणि हसलीसुद्धा. मला ओरखडे चालले असते, चपला चालल्या असत्या, त्याने ओटा खाल्ला असता तरी चाललं असतं. ते कुत्रं घरात राहिलं तर माझी लेक खोलीबाहेर राहील, एवढं साधं गणित होतं माझं.

स्वयंपाकघरात तो लवकर शिकला. तिथे साधी फरशी, त्याने केली की मी साबणाच्या पाण्याने पुसायची, आणि हळूहळू करणंच थांबलं. एक जागा मात्र सुटेना. माऊच्या दारापुढची.

पहिल्यांदा केली ती तिची वाट बघताना. सकाळी तिचं दार बंद, हा दारापुढे बसलेला, आणि दम निघाला नाही. मी फडकं घेऊन धावले तर हे ओरडले, "पाणी लावू नकोस तिथे. पट्ट्या फुगतील." पॅसेजची जमीन पुसायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. ह्यांची धंद्यातली बाटली असते, अमोनियाची. जुनं मेण, चिकट काळेपणा, सगळं त्याने सुटतं. चिंधीवर ते ओतायचं, पट्टीच्या शिरांच्या दिशेने घासायचं, सुकलं की वरून मेणाचा हात. "साबणाने वरवर जातं," हे म्हणायचे, "याने मुळासकट जातं." इतकं मन लावून ते पुसायचे की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी ठोंब्याने बरोब्बर तिथेच केली. तिसऱ्या दिवशी तिथेच. खाली अंगणात नेऊन उभं करा, पानाशी खेळेल, मुंगीचा वास घेईल, माझ्याकडे बघून शेपूट हलवेल. वर आणा, थेट माऊच्या दाराशी जाऊन गोल फिरेल, बसेल आणि सोडेल. "मुद्दाम करतोय," हे म्हणाले. "या घरात एकच जागा अशी आहे जिथे माझं काम उठून दिसतं, आणि हा नेमका तिथेच." पट्ट्यांवर काळा डाग धरायला लागला. माऊ एकदा म्हणाली, "बाबा, माझ्या दाराशी वास येतो." हे लगेच बाटली घेऊन बसले आणि आधीपेक्षा जास्त ओतून पुसलं. ह्यांना स्वतःला वास येत नाही. इतकी वर्षं पॉलिशची वाफ पोटात गेली, नाक कधीच गेलंय. आणि माझं म्हणाल तर आमच्या घराला वास असतो हे मला पाहुण्यांकडून कळतं.

मग मार सुरू झाला. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका पाठीवर, आणि मानेला धरून नाक त्या थारोळ्यापाशी. मी म्हटलं, "अहो, भाऊ काय सांगून गेला?" तर म्हणे, "तुझ्या भावाची जमीन सिमेंटची आहे." ठोंब्या मार खायचा, कान पाडायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच करायचा. फक्त आता करताना तो थरथरायचा. ते थरथरणं मला बघवायचं नाही.

एका सकाळी त्याच्या केकाटण्याने माऊने दार उघडलं. "बाबा, मारू नका त्याला."

"मग तू सांभाळ," हे म्हणाले. "तुझ्यासाठीच आणलाय ना? एक कुत्रंसुद्धा तुला सांभाळता येत नाही?"

शब्द तोंडातून गेला तसा ह्यांनाही कळला असावा, कारण हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. पण गेलेला शब्द थोडाच पुसता येतो. माऊने ह्यांच्याकडे बघितलं आणि दार लावलं. कडी.

त्यानंतर तिचं खाली जाणं कमी झालं. ठोंब्याला दमवणारं कुणी उरलं नाही, तो आणखी पिसाटला. दिवसभर माऊच्या दाराला नाक लावून पडायचा, दार उघडत नाही म्हणून रडायचा, आणि रडता रडता तिथेच करायचा. हे पुसायचे. मी पहाटे उठून त्याला कडेवर घेऊन जिने उतरायचे, वरून कोट, आत झोपायचे कपडे, आणि नंतर दिवसभर खिडकीत जांभया. एका सकाळी अंगणात कितीतरी वेळ उभी राहिले, त्याने काही केलं नाही. वर येताना मी मधल्या जिन्यात बसले आणि रडले. कुत्र्यासाठी नाही. मला वाटलं, आपल्याच्याने काहीच होत नाही. एवढासा जीव आपल्याला शिकवता येत नाही, मग वरच्या मजल्यावर कडी लावून बसलेल्या त्या मोठ्या जिवाचं आपण काय करणार? ठोंब्याने माझी हनुवटी चाटली. मग त्याच पायरीवर केली. मी कोटाच्या टोकाने पुसली आणि उठले.

आणि मग हे पडले. कामावर निघाले होते, खांद्याला हत्यारांची पिशवी, पॅसेजमधून भराभर. दारापुढे ओलं होतं, खाली ह्यांचंच पॉलिश. उजवा हात मनगटात मोडला. एका मोठ्या वाचनालयाच्या जमिनीचं काम ह्यांनी घेतलं होतं, ते काम दुसऱ्याकडे गेलं. हाताला प्लास्टर बांधून घरी आलो तेव्हा हे चिडलेसुद्धा नव्हते. खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "कुत्रा जाईल."

पण तेवढ्यात कडी वाजली आणि कुणी न बोलावता माऊ बाहेर आली. केस विंचरलेले होते.

"बाबा, मला रविवारपर्यंत वेळ द्या. मी पॅसेजमध्ये झोपते त्याच्याजवळ. मी शिकवते त्याला. रविवारपर्यंत एकदाही आत केली नाही तर राहू द्या."

ह्यांनी एकदा प्लास्टरकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

त्या दिवसांत मी आमचं घर पाहिलं ते तसं पुन्हा कधी दिसलं नाही. माऊने गादी पॅसेजमध्ये टाकली. तो कुशीत हलला की ती उठायची, कडेवर घेऊन खाली. चपला घालायलाही थांबायची नाही. खालून तिचा आवाज वर यायचा, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या ठोंब्या!" शेजारीपाजारी काय म्हणतील याची मला तरी फिकीर नव्हती. दारापुढची जागा कोरडी राहिली. एक दिवस, मग दुसरा. ह्यांचा उजवा हात गळ्यात, त्यामुळे पुसणंही बंद, बाटली ओट्याखाली पडून. ठोंब्या त्या जागेवरून जाताना हुंगायचा आणि पुढे जायचा. शनिवारी माऊ आमच्यासोबत टेबलाशी बसून जेवली. हे काहीतरी विचारणार होते, मी पाय दाबला, आणि पहिल्यांदाच ह्यांनी घास गिळला तसा प्रश्नही गिळला.

रविवारी सकाळी माऊ त्याला घेऊन खाली गेली. मी चहा ठेवला. बाहेर पाहते तर हे पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेले, प्लास्टरचा हात छातीशी, डाव्या हातात चिंधी. तिच्या दारापुढचा काळा डाग घासत होते. बाटली शेजारी.

"हे काय करताय?"

"काही नाही गं. आज पोर जिंकणार. दारापुढे डाग कशाला? तिला बरं वाटेल." आणि लाजल्यासारखं हसले. डाव्या हाताने ह्यांना नीट घासता येत नव्हतं, म्हणून त्यांनी भरपूर ओतलं होतं.

खालून "शाब्बास" ऐकू आलं. म्हणजे त्याने खाली केली होती, मी स्वतः ऐकलं. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं, ठोंब्या शेपूट हलवत आत आला. पॅसेजमध्ये थबकला. नाक खाली घातलं. माऊच्या दारापुढे गेला, गोल फिरला, बसला, आणि उरलीसुरली होती तेवढी तिथे केली. करताना थरथरत होता.

कुणी ओरडलं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी माऊकडे. तिने हातातला पट्टा गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

मी म्हटलं, "अहो, एकदाच तर केली."

"ठरलं होतं," हे म्हणाले. आपलं प्लास्टर त्यांनी मला दाखवलं, जणू ते मी पाहिलं नव्हतं. "मी परत पडलो तर? खायचं काय आपण?"

माऊच म्हणाली, "असू दे, आई. मामाला फोन कर." तिने त्याला उचललं, त्याच्या अंगाखालचं जुनं पंच्याचं फडकं घडी करून सोबत दिलं, गाडीपर्यंत स्वतः पोचवलं. वर आली. माझ्या शेजारून गेली. कडी.

शहराबाहेर रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंकडे भावाने त्याला दिला. आमच्याकडे सगळं जागच्या जागी आलं. पॅसेज कोरडा, चपला शाबूत. टकटक पुन्हा सुरू झाली, फक्त आता आतून कडी निघेना. ताट मी दाराशी ठेवायचे आणि काही वेळाने अर्धवट खाल्लेलं उचलायचे. माझी आशा संपली होती, हे मी सरळ सांगते.

एका दुपारी डेपोतून सुटले तेव्हा रोपवाटिकेकडे जाणारी बस समोर उभी होती. बसले.

ठोंब्या वाढला होता. मला बघून धावत आला, पंजे छातीवर ठेवले, कोट चिखलाने माखला. मला ओळखलं की काय कोण जाणे, तो सगळ्या जगालाच ओळखतो. बाई कुंड्यांत माती भरत होत्या. घर तिथेच, मागे दोन खोल्या. मी विचारलं, "घरात फार करतो का हो?"

"शू? एकदाही नाही. आल्या दिवसापासून बाहेर."

माझा विश्वास बसेना. मी सगळं सांगितलं, जागा, डाग, मार, रविवार. त्यांनी माती भरता भरता विचारलं, "पुसायचात कशाने?"

"अमोनियाने."

त्यांचा हात थांबला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "अमोनियाला मुतासारखाच वास येतो. कुत्र्याला वाटतं इथेच करायची असते. तुम्ही पुसत नव्हता, तुम्ही त्याला जागा दाखवत होता." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. असू द्या."

मी विचारलं, परत द्याल का? तर त्यांनी ओसरीकडे बोट केलं. तिथे एक म्हातारी आंधळी कुत्री पडली होती, आणि ठोंब्या जाऊन तिच्या अंगाला अंग लावून बसला होता. "आता नाही जमणार हो. ती याच्याच मागे मागे चालते."

घरी येऊन मी ह्यांना स्वयंपाकघरात सांगितलं. आवाज खाली ठेवायचं सुचलं नाही. आधी हे म्हणाले, "काहीतरीच. इतकी वर्षं वापरतोय." मग ओट्याखालून बाटली काढली, बूच उघडून नाकाशी धरली, आणखी जवळ धरली, खोल श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. "मला तर काहीच येत नाही," ते म्हणाले. आणि मग रविवारची सकाळ त्यांना आठवली असावी, कारण ते मटकन खाली बसले.

बऱ्याच वेळाने उठून माऊच्या दाराशी गेले. टकटक केली नाही. दाराबाहेर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माऊ, त्याची चूक नव्हती. मी लावत होतो त्याचा वास त्याला तिथे बोलवत होता."

मग तिचा आवाज आला, अगदी दारामागून, खालून. म्हणजे तीही खाली बसली होती.

"ऐकलं मी. रोज तुम्हीच बोलवायचात, बाबा. आणि आला की मारायचात." मग म्हणाली, "मलापण."

हे तिथेच बसून राहिले. मी दिवा लावला तेव्हा त्यांची सावली त्या डागावर पडली होती.

सकाळी ठाकठोक ऐकून बाहेर आले. ह्यांनी डाव्या हाताने दारापुढच्या पट्ट्या उखडायला घेतल्या होत्या. पटाशी पायाने धरायची, हातोडीचा घाव चुकायचा, लाकडाच्या कपच्या उडायच्या. स्वतः बसवलेली, जीव टाकलेली जमीन. "वास आत मुरलाय," एवढंच म्हणाले. एक पट्टी अर्धी उचलली गेली आणि खिळ्याला अडली. हे ओढतायत, निघत नाही.

कडी निघाली. दार उघडलं. माऊ उंबऱ्यावर उभी, केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. ह्यांनी वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मला माहीत होतं आता काय येणार, आलीस का, मग ठरवलंस का, आणि माझा हात टेकला होता तिथल्या टेबलाची कड मी घट्ट धरली.

"पक्कड दे गं," हे म्हणाले.

तिने दिली. मग खाली बसून पट्टीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती काढली, मग पुढची, मग काळी पडलेली सगळी. जमिनीत एक भगदाड पडलं, खालचं सिमेंट दिसायला लागलं. माऊने हात झटकले, उठली, आत गेली. दार लागलं. मी थांबले. आणि कडी वाजली.

मला वाटलं होतं, आज वाजणार नाही.

हे भगदाडाच्या काठावर बसले होते, मांडीवर लाकडाचा भुसा. त्यांनी मान वळवून डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"आली होती. बघितलंस ना? मी काही विचारलं नाही. एक शब्दही नाही."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. असं बघताना मी त्या अंगणात, कचऱ्याच्या पिंपांशेजारी, कितीतरी सकाळी कुणाला तरी पाहिलं होतं. भाऊ म्हणाला होता, त्याच क्षणी म्हणायचं, उशीर करायचा नाही.

"शाब्बास," मी म्हटलं.